मूळ खेळ आणि त्याची पुरवणी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस आरोंद्याच्या बाजारांत भेटले. गृहस्थ तेरेखोलच्या खाडीवर मासेमारी करून संसार चालविणारे. बोलणें थोडें, पण नेमकें. कुशल प्रश्न होतांच त्यांनीं आपलें गाऱ्हाणें मांडलें. "मास्तरांनू, गेल्या वर्साक झिलाक खेळ घेऊन दिलंय. आता तेची शेपटी व्हयी म्हणता! आणि मूळ खेळापेक्षा शेपटीच बरी, असा सांगता. गायीपेक्षा शेपटी मोठी कशी काय आसतली?"

आम्ही हंसलों, कांहींतरी थातुरमातुर उत्तर दिलें आणि पावसाची सर ओसरतांच निरोप घेतला. परंतु तो प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. कष्टाचा पैसा एकदां देऊन झाल्यावर त्याच वस्तूसाठीं पुन्हां मागितला गेला, तर 'हें काय गौडबंगाल आहे?' असें विचारण्याचा बापास पूर्ण अधिकार आहे. उलटपक्षीं, मुलगा जें म्हणतो तें खरें असेल तर तेंहि शांतपणें ऐकून घेतलें पाहिजे. म्हणून त्या दिवशीं न सुचलेलें उत्तर आज या पानांवर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या पालकांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्याकरितां प्रथम थोडा खुलासा. संगणकावर अथवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे जे व्हिडिओ गेम असतात, त्यांतील एखादा लोकप्रिय झाला म्हणजे त्याचे कर्ते कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं त्यास जोड देतात. नवे प्रदेश, नवीं पात्रें, नव्या लढाया, नवें कथानक असा तो ऐवज असतो. इंग्रजींत त्यास 'एक्स्पान्शन' म्हणतात. आम्ही येथें 'पुरवणी' म्हणूं. मूळ खेळ जवळ असल्याखेरीज ती बहुधा चालत नाहीं. म्हणजे शेपटीची उपमा अगदींच अस्थानीं नाहीं. एरवीं पुरवणी म्हटली कीं ती मूळाहून उणी असावयाची, अशी आपली समजूत असते. उत्तरपत्रिकेस जोडलेल्या पुरवणीवर बहुधा उरलेंसुरलेंच लिहिलें जातें, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच! मग खेळाच्या बाबतींत मात्र पुरवणी मूळावर मात करते, हें कसें?

मौज अशी कीं, या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. तें आमच्या तालुक्याच्या गांवीं, सावंतवाडीस, लाखेच्या रंगांत रंगवून ठेवलेलें आहे. आम्ही गंजिफांविषयीं बोलत आहों.

गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. नांव पर्शियन, आणि खेळहि तिकडून आलेला. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तांत सांपडतो. अकबराच्या दरबारांतील बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफांचें वर्णन अबुल फजलनें 'ऐने-अकबरी'त केलेलें आहे. परंतु पुढें देशभर रूढ झाला तो आठ रंगांचा मोगली डाव. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान, आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें, अशीं बारा; एकूण ९६. रंगांचीं नांवें ताज, शमशेर, गुलाम, बरात अशा थाटाचीं. बादशहाचा खजिना, शस्त्रें, चाकर, हुकुमनामे यांचीच ती प्रतिमा होती. डाव उत्तम, परंतु ज्याचा दरबाराशीं संबंध नाहीं त्या गांवकऱ्यास त्या चित्रांत आपलें असें कांहींच दिसत नसे.

या खेळास आमच्या लोकांनीं जी जोड दिली ती दशावतारी गंजिफांची. आठ रंगांचे दहा झाले. ९६ पानांचीं १२० झालीं. तिघांत वाटलीं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास ३२ ऐवजीं ४० पानें येऊं लागलीं. आतां येथें काय बदललें व काय बदललें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. राजा व प्रधान तसेच राहिले. निम्म्या रंगांत दहाचें पान थोर व निम्म्यांत एकाचें पान थोर, ही जुनी उलटसुलट चाल तशीच राहिली. तिघांनीं खेळावयाचें, हेंहि तसेंच. मोगली डावांत दिवसा 'सुर्ख' म्हणजे सूर्याच्या रंगाच्या राजानें, आणि रात्रीं 'सफेद' म्हणजे चंद्राच्या रंगाच्या राजानें खेळास आरंभ होई. दशावतारी डावांत तोच मान दिवसा रामाला व रात्रीं कृष्णाला मिळाला. नियम मोडला नाहीं. तो आपल्या घरच्या भाषेंत आणला, इतकेंच.

परंतु या 'इतकेंच' मध्यें सगळें मर्म आहे. या खेळांत हुकूम नसतो. कोणतीं पानें पडून गेलीं व कोणतीं अद्याप कोणाच्या हातीं आहेत, हें ध्यानांत ठेवील तो जिंकतो. चोवीस पानें वाढलीं म्हणजे स्मरणशक्तीवरील भार चांगलाच वाढला. तो भार लोकांनीं आनंदानें कां उचलला? कारण मासा, कासव, कमंडलू, परशू, बाण, तलवार यांसारखीं चिन्हें पाहतांच प्रत्येक रंगामागची कथा आपोआप आठवते. आमच्या भागांत जत्रेच्या रात्रीं दशावताराचा खेळ उभा राहतो. संकासुराला पाहून भ्यालेलें व हंसलेलें मूल पुढें मत्स्याचें पान विसरणें शक्यच नाहीं! ज्यास अक्षरओळख नाहीं तोहि पान ओळखूं लागला. दरबारांतला खेळ ओसरीवर आला. पुरवणीनें मूळास मोठें केलें तें असें.

याच खेळाची दुसरी एक पुरवणी पाहिली म्हणजे उलट बाजूहि ध्यानांत येईल. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (निधन १८६८) यांस पत्त्यांचा मोठा षोक. त्यांनीं स्वतः 'चाड' या नांवाचे अनेक डाव रचिले. रंगांची संख्या वाढत वाढत अठरापर्यंत गेली. राजा-प्रधानांच्या जोडीस आणखी चित्रपानें आलीं. नियमांवर नियम चढले. कल्पकतेंत व चित्रकामांत ते अपूर्वच होते. परंतु राजवाड्याबाहेर ते फारसे पसरले नाहींत. हाताळावयास अवघड, आणि ध्यानांत ठेवावयास त्याहून अवघड! दोन्ही पुरवण्याच, एकीनें घर मिळविलें, दुसरी कपाटांत राहिली. यावरून पहिला सिद्धांत असा निघतो कीं, पुरवणीचें मोठेपण आंकड्यावर अवलंबून नाहीं. किती वाढविलें यापेक्षां कशासाठीं वाढविलें, हें पाहिलें पाहिजे.

आतां हीच कसोटी घेऊन व्हिडिओ गेमांकडे वळूं. मुलें ज्या पुरवण्यांचें कौतुक करतात त्यांतील कांहीं खरोखरीच त्या कौतुकास पात्र आहेत, हें आम्ही आरंभींच मान्य करतों.

१९९८ सालच्या मार्चांत 'स्टारक्राफ्ट' हा तीन जमातींच्या युद्धाचा खेळ निघाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'ब्रूड वॉर' ही त्याची पुरवणी आली. तिनें तीन जमातींत मिळून अवघे सात नवे सैनिकप्रकार घातले. त्यांत एक वैद्य होता, जखमी शिपायांस बरें करणारा. सात हा आंकडा तो काय! परंतु त्या सातांनीं तिन्ही जमातींच्या बळाचा तोल असा सांवरला कीं, कोरिया देशांत या खेळाचे व्यवसायी संघ निघाले, दूरचित्रवाणीवर सामने होऊं लागले, आणि सुमारें एक तपभर ते चालले. या सामन्यांत खेळला जाई तो मूळ खेळ नव्हे, पुरवणीसह खेळ. आज मूळ 'स्टारक्राफ्ट'चें नांव घेतलें तरी लोकांच्या मनांत उभी राहते ती पुरवणीच.

दुसरें उदाहरण शेतकऱ्यांच्या मुलांस विशेष आवडेल. १९९९ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागांत धान्यासाठीं शेत करावें लागे, आणि शेताचा कस संपला कीं तें पुन्हां पेरावयास स्वतः जाऊन सांगावें लागे. लढाईच्या गर्दींत पेरणी राही, आणि सैन्य उपाशी! २००० सालच्या 'द कॉन्करर्स' या पुरवणीनें पांच नवीं राष्ट्रें दिलीं, त्यांची चर्चा फार झाली. परंतु खऱ्या खेळाडूस विचारा, तो म्हणेल कीं गिरणीवर आगाऊ पेरणी सांगून ठेवण्याची सोय झाली, तीच मोठी. रोजची कटकट कोठें आहे हें ज्यास ठाऊक, त्यानेंच ही पुरवणी केली असली पाहिजे. याच खेळाच्या २०१३ सालच्या एका पुरवणींत भारतीयांस प्रथम स्थान मिळालें. परंतु हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत सर्वांस मिळून 'इंडियन्स' हें एकच नांव. २०२२ सालीं 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी आली, तेव्हां त्या एकाच्या जागीं हिंदुस्थानी, बंगाली, द्राविड व गुर्जर असे चार निराळे झाले. आमच्या मित्राच्या चिरंजीवांस हवी असलेली शेपटी ती हीच! आपला देश एका शब्दांत मावत नाहीं, हें परदेशांतल्या खेळकर्त्यांस कळूं लागलें, याचा आम्हांस संतोष वाटतो.

कांहीं पुरवण्या मूळाचें प्रायश्चित्त म्हणून येतात. २०१२ सालच्या 'डायब्लो'च्या तिसऱ्या भागांत खऱ्या पैशांनीं आयुधें विकत घेण्याचा बाजार उघडला होता. परिणाम असा झाला कीं, राक्षसांशीं झुंजून आयुध मिळविण्यांतली गोडीच गेली. पराक्रमापेक्षां खिसा श्रेष्ठ ठरूं लागला. २०१४ सालच्या मार्चांत कर्त्यांनीं तो बाजार बंद केला, आणि त्याच महिन्यांत 'रीपर ऑफ सोल्स' ही पुरवणी आणून खेळाची घडी पुन्हां बसविली. चूक कबूल करून ती सुधारणारा ग्रंथकार आम्हांस कधींहि चूक न करण्याचा आव आणणाऱ्यापेक्षां अधिक प्रिय आहे. खेळकर्त्यासहि तोच न्याय.

आणि कांहीं पुरवण्या केवळ गुणानें थोर. पोलंड देशांतील 'द विचर'च्या तिसऱ्या भागास (२०१५) पुढील वर्षीं 'ब्लड अँड वाइन' ही पुरवणी जोडली गेली. तिला २०१६ च्या 'द गेम अवॉर्ड्स' या पारितोषिकांत भूमिकाप्रधान खेळांमध्यें सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. पुरवणीनें स्वतंत्र खेळांस मागें टाकावें, ही सामान्य गोष्ट नव्हे. (हा खेळ तसेंच वर सांगितलेला 'डायब्लो' हे वयानें मोठ्यांसाठीं आहेत. वेष्टनावर वयाचा आंकडा छापलेला असतो. तो शोभेसाठीं नसतो, हें विद्यार्थ्यांनीं व त्याहून अधिक पालकांनीं ध्यानांत ठेवावें.)

इतक्या उदाहरणांवरून पुरवणी सरस होण्याचें कारण स्पष्ट होतें. मूळ खेळ रचणारा अंधारांत चांचपडत असतो. लोक काय करतील, कोठें अडतील, कशास कंटाळतील, हें त्यास केवळ कल्पनेनें ठरवावें लागतें. पुरवणी रचणाऱ्यापुढें हजारों खेळाडूंचा अनुभव उभा असतो. पाया दुसऱ्यानें घातलेला, भिंती उभ्या; आतां गळतें कोठें आणि उजेड कोठून यावा, एवढेंच पाहावयाचें. पहिल्या पावसांत घर कोठें गळतें हें पाहून दुसऱ्या उन्हाळ्यांत कौलें चाळणाऱ्या आमच्या कोंकणी माणसास हें निराळें सांगावयास नको.

परंतु म्हणूनच पुरवणीच्या गौरवांत मूळाचा अवमान होऊं नये. 'मूळ खेळांत काय आहे?' असें नाक मुरडून विचारणारे विद्यार्थी आम्हांस भेटतात. त्यांस आमचें सांगणें असें कीं, मोगली गंजिफांतले राजा, प्रधान व उलटसुलट चाल नसती, तर दहा अवतारांनीं बसावें कोठें? शिष्यानें आपणांस जिंकावें अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपले पूर्वज सांगत आले. त्यांत शिष्याचा गौरव आहे, तसा तो जिंकण्याजोगा करून सोडणाऱ्या गुरूचाहि आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. मूळ खेळ मुद्दाम अपुरा ठेवावयाचा आणि उरलेला भाग पुरवणी म्हणून विकावयाचा, अशी लबाडी या धंद्यांत होत नाहीं काय? होते. सर्वच पुरवण्या 'ब्रूड वॉर' नसतात. पुष्कळशा म्हणजे नुसता पोषाखांचा व आयुधांचा जादा ऐवज, नव्या वेष्टनांत बांधलेला. कोळणीनें पापलेट विकावें आणि घरीं गेल्यावर 'डोकें निराळ्या पैशांनीं' म्हणून सांगावें, तशांतला तो प्रकार! असल्या पुरवणीस आम्ही शेपटीहि म्हणणार नाहीं. ती कापून ठेवलेली तंगडी आहे.

तेव्हां पालकांनीं ओळखावें कसें? आमच्या अल्प अनुभवानें तीन गोष्टी सांगतों. एक, पुरवणी निघतांच घेण्याची घाई करूं नये. कांहीं महिने जाऊं द्यावे. तेवढ्यांत खेळणाऱ्यांचे खरे अभिप्राय बाहेर येतात, किंमतहि बहुधा उतरते, आणि केव्हां केव्हां मूळ व पुरवणी एकत्र स्वस्तांत मिळतात. दोन, पुरवणीनें खेळण्याची रीत सुधारली आहे कीं केवळ वस्तूंची संख्या वाढविली आहे, हें मुलास विचारावें. उत्तर देतां आलें नाहीं तर तें मागणें मुलाचें नसून जाहिरातीचें आहे असें समजावें. तीन, आणि ही खरी कसोटी: मुलानें मूळ खेळ आपणांस शिकवावा. जो खेळ दुसऱ्यास शिकवितां येतो तोच आपणांस आला. मूळ न येतां पुरवणी मागणें म्हणजे पाढे न येतां त्रैराशिक मागणें होय.

ही तिसरी कसोटी आम्हांस सुचली ती पुन्हां गंजिफांवरूनच, आणि ती थोडी खेदानें सुचली आहे. छापील बावन पत्ते स्वस्त झाले, तेव्हां हातानें रंगविलेल्या गंजिफा मागें पडल्या. १९७० च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ही मरणोन्मुख कला उचलून धरली. जुन्या चितारी कारागिराकडून ती नव्या हातांत गेली, आणि राजवाड्यांत गंजिफा पुन्हां रंगूं लागल्या. हे उपकार लहान नव्हेत. आज देशोदेशींचे लोक त्या विकत नेतात. आम्हीहि आमच्या विद्यार्थ्यांस घेऊन त्या पाहावयास गेलों होतों. बारीक कुंचल्यानें ओढलेली रेषा, लाखेची झळाळी, पानाएवढी गोलाई. मुलें थक्क झालीं. मग त्यांतील एकीनें विचारलें, "सर, पण हा खेळतात कसा?" आम्ही गप्प राहिलों. आम्हांस येत नव्हता. शेजारच्या पाहुण्यांसहि येत नव्हता. मूळाहून सरस अशी पुरवणी आमच्या पूर्वजांनीं रचिली, आणि आमच्या पिढीनें ती कांचेच्या चौकटींत घालून भिंतीवर टांगली!

खेळ टिकतो तो चित्रांनीं नव्हे, खेळणाऱ्यांनीं. मूळ खेळ असो कीं पुरवणी असो, तिघेजण समोरासमोर बसून डाव मांडीत नाहींत तोंवर ती केवळ शोभेची वस्तु होय. कोरियांतल्या तरुणांनीं एक परकी पुरवणी तपभर खेळून आपली करून घेतली. आम्ही आपली पुरवणी न खेळून परकी करीत आहों. याची खंत वाटली पाहिजे, आणि नुसती खंत वाटून भागणार नाहीं. येत्या वर्षीं शाळेंत गंजिफांचा एक संच आणून तो खेळावयास शिकण्याचा आमचा संकल्प आहे. ज्या घरीं वडीलधाऱ्या माणसांस अद्याप हा खेळ येतो, त्यांनीं शाळेंत येऊन आम्हां शिक्षकांस व मुलांस एकाच रांगेंत बसवून शिकवावा, अशी आमची विनंति आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें संगणकाचे खेळ रचूं लागला (पुण्याच्या तरुणांनीं रचलेला 'राजी' हा खेळ २०२० सालीं जगभर गेलाच आहे), तर या १२० पानांस पुढची पुरवणी देण्याचा मान त्यानें अवश्य घ्यावा. मात्र आधीं तीं १२० पानें हातांत खेळवून.

राहतां राहिले आमचे ते मित्र. त्यांस आम्हीं पुढें ही तिसरी कसोटी सांगितली. मुलानें चार रात्री बापास शेजारीं बसवून खेळ शिकविण्याचा प्रयत्न केला. दर्यावर उभा जन्म काढलेल्या बापानें पहिल्याच रात्रीं 'ह्या गलबताक वारो खयसून लागता?' असें विचारलें, आणि मुलास उत्तर सुचेना! पांचव्या दिवशीं गृहस्थ पुन्हां बाजारांत भेटले. शेपटीचें काय झालें, असें आम्हीं विचारतांच मिस्कीलपणें म्हणाले, "अजून घेवक नाय, मास्तरांनू. पयली गाय तरी कळांदे!"